समुद्र फुकट, खोली महाग

समुद्रकाठच्या खोल्यांचे भाव हिंजवडीत बसून ठरवले जातात, हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. इथून समुद्र गाठायचा तर ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पलीकडे जावं लागतं. आमचा पाण्याशी रोजचा संबंध म्हणजे उन्हाळ्यात सोसायट्यांच्या फाटकाशी लागणारे टँकर आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते. पण हॉटेलधंद्याचं बरंचसं डोकं आता किनाऱ्यावर राहिलेलं नाही. कोणत्या तारखेला कोणती खोली किती रुपयांना दाखवायची, विक्री कधी थांबवायची, नाताळच्या आठवड्यात किमान तीन रात्रींची अट घालायची की चार, हे सांगणारी सॉफ्टवेअर्स अशाच आयटी पार्कांत लिहिली आणि सांभाळली जातात. मूळची ही विद्या विमानकंपन्यांची. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हा एकाच विमानातल्या एकसारख्या आसनांना वेगवेगळे भाव लावण्याचं तंत्र तिथे वाढलं आणि पुढे हॉटेलांनी ते उचललं. मी या कामात बरीच वर्षं आहे, पोट त्यावरच भरतं, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते धंद्याच्या द्वेषापोटी नव्हे. रिसॉर्टचे भाव रोज जवळून पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते: समुद्रकाठचं उंची रिसॉर्ट ज्याचे सर्वांत जास्त पैसे घेतं, ते त्याने बांधलेलं नसतं, विकत घेतलेलं नसतं आणि त्याच्या ताळेबंदात खर्च म्हणून कुठेही लिहिलेलं नसतं.

भावांची रचना पाहिली की हे लगेच कळतं. आमच्याकडे प्रत्येक खोलीला एक व्ह्यू-कोड असतो: गार्डन, पूल, पार्शल सी आणि सी. चारही प्रकारांत पलंग तोच, फरशी तीच, एसी तोच, सकाळची न्याहारीही तीच. चादरी धुण्याचा आणि खोली झाडण्याचा खर्च सारखाच येतो. फरक एवढाच की खिडकी कोणत्या दिशेला उघडते. तरी सी व्ह्यूचा भाव गार्डन व्ह्यूच्या पुष्कळ वर असतो, आणि मागणी वाढली की हे अंतर आणखी रुंदावतं. भावांवर इतर गोष्टींचाही परिणाम होतो. उदाहरणार्थ, एका रात्रीला साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याखालच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. त्यामुळे मधल्या दर्जाची हॉटेलं ही रेषा ओलांडताना दहादा विचार करतात. उंची रिसॉर्टला या रेषेचं सोयरसुतक नसतं, कारण त्याचा ग्राहक कर पाहून खोली निवडत नाही, तो खिडकी पाहून निवडतो. खर्च तोच आणि भाव मात्र वाढलेला, म्हणजे खिडकीबाहेरच्या समुद्राचे पैसे जवळजवळ सगळे नफ्यात जातात. आता प्रश्न असा की ही खिडकी वर्षानुवर्षं महाग राहते कशी? महाग व्ह्यूच्या पुढ्यात दुसरा कोणी त्याहून जवळची खिडकी का बांधत नाही? शहरात टेकडी दिसणाऱ्या फ्लॅटचं काय होतं ते बावधन-बाणेरच्या रहिवाशांना विचारावं. आज दिसणारी टेकडी चार वर्षांनी समोरच्या टॉवरच्या आड जाते. किनाऱ्यावर तसं होत नाही, कारण तिथे कायदा आड येतो.

हा कायदा कसा आला ते थोडं सांगायला हवं. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. पत्राला कायद्याचं बळ येण्यास दहा वर्षं लागली. १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आली. हॉटेलवाल्यांनी लगेच हाकाटी केली. त्यातून १९९४ मध्ये नियमांना ढील देणारी दुरुस्ती झाली आणि तिचा काही भाग सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केला. त्यानंतर २०११ ची अधिसूचना आली, मग २०१९ ची. या शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ही २०० मीटरची पट्टी ५० वर आणायची मुभा दिली. या सगळ्या प्रवासात हॉटेलउद्योगाची भूमिका पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाला नियम सैल हवा असतो तो आपल्या प्लॉटपुरता, शेजाऱ्याच्या प्लॉटवर तो कडकच राहिलेला बरा. दोघांनाही सूट मिळाली तर दोघांच्याही खिडक्यांतून एकमेकांच्या भिंती दिसतील, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधला सर्वांत कमाऊ कोड निकामी होईल. उंची रिसॉर्टचा व्ह्यू म्हणजे कायद्याने इतरांना नाकारलेली जमीन आहे. ती मोकळी ठेवण्याची किंमत मोजतात ते किनाऱ्यावरचे लोक. त्यांच्यातल्या कित्येकांना घराला एक खोली वाढवायची तर याच नियमांपायी तालुक्याला खेटे घालावे लागतात.

कोणी म्हणेल, समुद्र सुंदर आहे म्हणून लोक पैसे मोजतात, यात कायद्याचं काय एवढं? पण समुद्र सुंदर वाटणं हीच मुळी घडवलेली आवड आहे. कोकणातली जुनी गावं पाहा. घरं किनाऱ्याच्या मागे, नारळी-पोफळीच्या वाडीत, वाऱ्याच्या आडोशाला. पुळणीवर होड्या ओढायच्या, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची. समुद्राकडे तोंड करून झोपाळा टांगावा असं कोकण्याला वाटलं नाही, कारण खारा वारा कौलाखालचं लाकूड आणि लोखंड कसं खातो ते तो जाणून होता. युरोपातही फार वेगळी गत नव्हती. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टराने गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी, अंघोळीला आणि प्यायलासुद्धा, औषध म्हणून सुचवलं, आणि ब्रायटन नावाच्या कोळ्यांच्या गावाचं नशीब पालटलं. मागाहून युवराज आला, त्याने तिथे महाल बांधला. जर्मनीतलं हायलिगनडाम १७९३ चं, तेही आरोग्यस्थान म्हणूनच वसलं. नंतर १८४१ मध्ये ब्रायटनला रेल्वे पोहोचली, लंडनचे कारकून आणि कामगार दिवसाच्या तिकिटावर येऊ लागले आणि खानदानी मंडळी पुढचा किनारा शोधायला निघाली. भूमध्य समुद्राकाठी नीस आणि मॉन्टे कार्लो त्यांनी आपलेसे केले तेही हिवाळ्यात. तिथला उन्हाळा सभ्य माणसाचा नाही, असाच समज विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होता. हिंदुस्थानातल्या साहेबाने तर समुद्राला पाठच दाखवली. मुंबईच्या उकाड्यातून तो पळाला तो महाबळेश्वरला आणि १८५० नंतर माथेरानला. समुद्राचं रूप तेच होतं. कोणता वर्ग त्याच्याकडे केव्हा पाहणार, आणि गर्दी आली की कुठे सरकणार, हे मात्र दर पिढीला बदलत गेलं. म्हणूनच निसर्गसौंदर्याच्या जोरावर रिसॉर्टचा भाव समजावून सांगता येत नाही. वेंगुर्ल्याची पुळण आणि गोव्यातल्या सिकेरीची पुळण यांच्या रेतीत असा काय फरक आहे की एकीकडे निवास-न्याहारीचं घर चालावं आणि दुसरीकडे पंचतारांकित?

फरक पडला तो गोव्याच्या इतिहासाने. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट-हणजुणेला हिप्पी आले आणि जगाच्या नकाशावर गोवा त्यांनी पहिल्यांदा टाचला, फुकट टाचला. १९७४ मध्ये ताज समूहाने सिकेरीला फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट उघडलं. अजित केरकर तेव्हा समूहाची धुरा सांभाळत होते. मुंबईचं १९०३ चं ताज बंदरावरचं होतं, बोटीतून उतरणाऱ्यांसाठीचं, सुट्टीसाठीचं नव्हे. सुट्टीचा किनारा ही कल्पना या समूहाने रुजवली ती गोव्यात, आणि जागा निवडली ती साधीसुधी नव्हती. १६१२ मध्ये पूर्ण झालेला पोर्तुगीज किल्ला मांडवीच्या मुखावर पहारा देत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना गोडं पाणी पुरवत होता. त्याचा खालचा बुरूज समुद्रात उतरतो, आणि त्या बुरुजाच्या अंगाला रिसॉर्ट उभं राहिलं. आजही त्याच्या कोणत्याही जाहिरातीत हा बुरूज दिसल्याशिवाय राहत नाही. त्याच डोंगराला तुरुंगही होता. स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना १९४६ मध्ये अटक झाल्यावर याच आग्वादमध्ये डांबलं होतं, तिथून लष्करी न्यायालयाने त्यांना पोर्तुगालला धाडलं. तो तुरुंग आता स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय झाला आहे. किल्ला जनतेचा, तुरुंगाची आठवण जनतेची, खालची पुळण जनतेची. या तिन्हींची शोभा खोलीच्या भावात चढते. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे नेते दिल्लीहून विसाव्याला इथेच आले, त्यांच्यासाठी टेकडीवर खास बंगले उभारले गेले. किनारा मोकळा ठेवा असं दोनच वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या पंतप्रधानच या पाहुण्यांच्या यजमान होत्या. त्यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. सरकारला किनारा वाचवायचाही होता आणि जगाला दाखवायचाही होता. मात्र जगाला दाखवण्याचं जे काम सरकारने केलं, जे रस्ते, जो विमानतळ, जी प्रसिद्धी, त्याचा लाभ कोणाच्या खात्यात गेला हे पाहिलं पाहिजे. केरळात कोवलमला तर हॉटेलच सरकारने बांधलं, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडून आराखडा घेऊन. उंची किनारा हा भारतात खासगी धाडसाइतकाच सरकारी लाडाकोडाचाही इतिहास आहे.

पुढचा टप्पा चार्टर विमानांचा. १९८७ च्या हंगामात जर्मनीहून थेट दाबोळीला विमानं उतरू लागली आणि त्याच वर्षी या पर्यटनाला विरोध करणारी 'जागृत गोंयकारांची फौज' रस्त्यावर आली. पाहुण्यांच्या बसवर शेण फेकण्यापर्यंत तो विरोध गेला. त्या पद्धतीचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता आणि तो आजही खोडून निघालेला नाही. विमान, खोली, जेवण यांचं पॅकेज फ्रँकफर्ट किंवा मँचेस्टरला विकलं जातं तेव्हा पैशाचा मोठा भाग तिथेच राहतो, आणि विहिरीचं पाणी, कचरा, रस्त्याची कोंडी एवढं गोव्याच्या वाट्याला येतं. २३ सप्टेंबर २०१९ ला इंग्लंडची थॉमस कुक ही पर्यटन कंपनी एका रात्रीत बुडाली. गोव्यातले कित्येक हॉटेलवाले हंगामाच्या तोंडावर अडकले, तेव्हा परक्याच्या पॅकेजवर धंदा टांगून ठेवण्याचा धोका सर्वांनाच दिसला. मग कोविड आला. परदेशाची दारं बंद झाल्यावर मालदीव-थायलंडला जाणारा भारतीय ग्राहक गोव्याकडे आणि अलिबागकडे वळला, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणचा पगारदार हा या रिसॉर्टांचा मुख्य गिऱ्हाईक झाला.

आमच्या पडद्यावर हा बदल तारखांमध्ये दिसतो. हिंजवडीचं सुट्टीचं पंचांग देशी सणांवर अर्धंच चालतं, उरलेलं अर्धं अमेरिकन क्लायंटवर. थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत तिकडे कोड-फ्रीझ असतो, नवं काही बसवायचं नसतं, म्हणून इकडे रजा मंजूर होतात. नेमका तोच काळ गोव्याच्या सर्वांत महाग भावांचा, कारण युरोपातला थंडीला कंटाळलेला पाहुणाही तेव्हाच येतो. जूनमध्ये, किनारा सर्वांत देखणा आणि रिसॉर्ट सर्वांत स्वस्त असताना, हिंजवडीत डिलिव्हरीच्या तारखा असतात. आणि हा गिऱ्हाईक तिथे जाऊन मागतो काय? पाहुण्यांचे अभिप्राय वाचणं हा कामाचाच भाग आहे, त्यावरून भाकितं सुधारतात. त्यांत समुद्राबद्दल फारसं काही नसतं. फोटो समुद्राचे, वाक्यं मात्र चेक-इनला लागलेल्या वेळाची, न्याहारीच्या रांगेची, शेजारच्या खोलीतल्या लग्नाच्या वऱ्हाडाची. स्तुती असते तीही अशीच: सगळं हाताशी होतं, कुठे जावं लागलं नाही, कशाचाही विचार करावा लागला नाही. १९५० मध्ये क्लब मेडने मायोर्कात पहिली वसाहत उघडली तेव्हा निवास तंबूंतला होता, चैन म्हणावी असं काही नव्हतं. पुढे त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या आणि बारचं बिल त्या मण्यांनी फेडायचं ठरवलं. पाकीट काढावं लागत नाही हीच खरी चैन आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आजच्या उंची रिसॉर्टने तंबूच्या जागी व्हिला आणला आणि मण्यांच्या जागी मनगटावरची पट्टी. विकतात ते अजूनही तेच, कशाचाही निर्णय घ्यावा न लागण्याची मोकळीक.

हिंजवडीच्या माणसाला ही मोकळीक इतकी का भावते, याचं उत्तर हिंजवडीच्या नकाशातच आहे. आयटी पार्कातला कॅम्पस आणि समुद्रकाठचं रिसॉर्ट ही एकाच विचाराची दोन बांधकामं आहेत. फाटक, सुरक्षारक्षक, आत राखलेली हिरवळ, स्वतःचा जनरेटर, स्वतःचा पाणी शुद्धीकरण संच, खाण्याच्या दहा तऱ्हा. फाटकाबाहेर वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या बळावर चाललेलं गाव, भूमकर चौकातली कोंडी, माण-मारुंजीच्या रस्त्यांवरचे खड्डे. आत सगळं सुरळीत आणि बाहेरचं सगळं आपल्या कक्षेबाहेरचं, ही सवय इथे नोकरीबरोबर लागते. मग सुट्टीतही माणूस एका फाटकातून निघून दुसऱ्या फाटकात शिरतो आणि मधला साताऱ्यापासून आंबोलीपर्यंतचा मुलूख झोपेत ओलांडतो. मला यात त्या माणसाचा दोष दिसत नाही. आठवडाभर वाकडच्या पुलाखाली अडकलेल्याने दोन दिवस काही न करण्याचे पैसे मोजले तर ते त्याच्या कष्टाचे आहेत. यावर हे मध्यमवर्गाला हिणवणं आहे, असा आक्षेप येतो. विश्रांती ही गरज आहे आणि जो ती नीट पुरवतो त्याने पैसे घ्यावेत. मान्य. चादर, जेवण, सेवा, शांतता यांचे पैसे रिसॉर्टने कमावलेले आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते खिडकीच्या कोडबद्दल.

कारण खासगीपणाची भूक खिडकीवर थांबत नाही, ती वाटेवर येते. भारतात भरतीरेषेखालची पुळण कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही. जाहिरातीत 'प्रायव्हेट बीच' असं छापलं तरी त्याचा अर्थ फक्त एवढाच की तिथे पोहोचायची वाट सध्या हॉटेलच्या अंगणातून जाते. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचा खटला याच वाटेचा होता. तिथलं सिदाद द गोवा हे कोरियांनीच आखलेलं, १९८२ चं, भारतीय स्थापत्यात नावाजलेलं हॉटेल. त्याच्या जमिनीतून किनाऱ्याकडे लोकांची वाट होती आणि सरकारने जमीन संपादित करून दिली ती ही वाट खुली ठेवण्याच्या अटीवर. पुढे त्या जागेत बांधकाम वाढलं. वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २००९ मध्ये निकाल लागला: किनाऱ्यासारख्या नैसर्गिक ठेव्याचं सरकार हे मालक नव्हे तर विश्वस्त आहे, वाट मोकळी करा, वाढीव बांधकाम पाडा. गोवा सरकारने मग वटहुकूम काढून भूसंपादनाच्या कायद्यातच दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचवलं. किनाऱ्यावरच्या हक्काचा प्रश्न किती लवकर कायद्याच्या पुस्तकापासून सुटून मंत्रालयाच्या मर्जीवर येतो, त्याचं हे ठळक उदाहरण. त्या निकालातलं विश्वस्ताचं तत्त्व मात्र जिवंत आहे, पुढच्या खटल्यांत त्याचा आधार घेतला जातो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, रोजगाराचा. उंची रिसॉर्टला एका खोलीमागे लागणारे हात साध्या लॉजपेक्षा कितीतरी जास्त असतात, पगार बँकेत जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी असतो, कोकणातल्या मुलाला मुंबईची चाळ गाठावी लागत नाही. हे खरं आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण तुलना करायची तर लॉजशी करू नये, घरगुती पाहुणचाराशी करावी. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाड्यांमध्ये चालणारी निवास-न्याहारीची घरं पाहा. पाहुण्याला सुरमई किंवा उकडीचे मोदक वाढणाऱ्या त्या घरात मालक, स्वयंपाकी आणि व्यवस्थापक एकच कुटुंब असतं. पैसा हातात पडतो तो सगळा गावात फिरतो. या घरांची कमजोरी वेगळी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या पोफळीच्या बागा झोपवल्या. नवी सुपारी धरायला कैक वर्षं लागतात, आणि बागेच्या सावलीवरच तर पाहुणा येत होता. रिसॉर्टला अशा वेळी विमा, मुख्य कार्यालय आणि बँक पाठीशी असते, वाडीला पंचनामा. म्हणजे धोका ज्याच्या अंगावर सर्वांत जास्त येतो त्याच्या भावात खिडकीचा अधिभार सर्वांत कमी, आणि ज्याला धोका पेलता येतो तो हा अधिभार भरभरून घेतो. रोजगाराच्या मुद्द्याने हा उफराटा हिशेब सुटत नाही, फार तर सौम्य होतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. भिंती नसत्या तर सगळे किनारे बागा-कळंगुट झाले असते, असं म्हणतात, आणि शनिवारच्या संध्याकाळी बागाला उभ्या असलेल्या माणसाला याचं उत्तर पटकन सुचणार नाही. बाटल्या, जीपगाड्या, कर्णे. त्यामानाने जुन्या उंची रिसॉर्टांची बांधणी बैठी आहे, झाडं राखलेली आहेत, पुळण झाडलेली असते. गर्दीच्या किनाऱ्यावर एकमेकांना खेटून उठलेल्या चार मजली लॉजांपेक्षा त्यांनी जमिनीला कमी ओरबाडलं, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. पण यावरून एवढंच सिद्ध होतं की किनारा राखायला कोणीतरी हवं. तो भिंतीनेच राखला जातो असं नाही. २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. त्यांत कर्नाटकातलं कासरकोड आहे, ओडिशातलं पुरीचं गोल्डन बीच आहे. पुरी म्हणजे भाविकांच्या लोंढ्याचं गाव, तिथल्या किनाऱ्याचा एक पट्टा जर स्वच्छतागृह, कचरा आणि जीवरक्षक यांच्या साध्या व्यवस्थेने सुधारतो, तर गर्दी हा असाध्य रोग नाही. बागाची दशा झाली ती लोक आले म्हणून नव्हे. परवाने वाटणारे आले आणि झाडूवाले आले नाहीत, म्हणून झाली.

मग करायचं काय? रिसॉर्ट बंद करा असं म्हणणारा माणूस मूर्ख तरी असेल किंवा त्याने किनाऱ्यावरच्या एकाही पोराशी नोकरीबद्दल बोलणं केलेलं नसेल. प्रश्न अटींचा आहे, आणि अटी घालायची वेळ बांधकामाआधीची असते. महाराष्ट्रापुढे ती वेळ आत्ता आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली आणि प्रकल्प दशकानुदशकं वादांत रुतला. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ताज समूहाला ही जमीन ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. याच शिरोड्यात १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, म्हणजे समुद्राने दिलेल्या वस्तूवर कर कोणी आणि का घ्यावा हा प्रश्न त्या गावाला नवा नाही. आता तिथल्या खिडक्यांना जो भाव मिळेल, तो सीआरझेडने मोकळ्या ठेवलेल्या पट्टीचा, नव्या विमानतळांचा आणि गावाने सोडलेल्या जमिनीचा असेल, आणि तो भाव कदाचित हिंजवडीतल्याच एखाद्या मजल्यावरून ठरेल.

९० वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे तीन पिढ्या. त्यात किनाऱ्याकडे जाणारी वाट किती रुंद, ती नकाशावर कुठून कुठे, रात्री खुली की बंद, हॉटेलचं पाणी कोणत्या विहिरीतून किंवा योजनेतून, होड्या ओढायची जागा कोणती आणि खोलीच्या उत्पन्नातला किती हिस्सा ग्रामपंचायतीला, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. वायंगिणीला अट कागदावर होती तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि तिथे जिंकूनही वटहुकूम निघाला. जिथे अट कागदावरच नसेल तिथे गावाच्या हाती काहीच उरणार नाही. शिरोडा, वेळागर, आरवलीच्या लोकांनी भाडेपट्ट्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागून घ्यावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि वाटेचा गट क्रमांक त्यात नसेल तर पहिली वीट बसण्याआधी तो घालून घ्यावा.